नियम सर्वांचे, नाव एकाचे

ज्या माणसाचं नाव गेमच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, त्यालाच त्या गेमचा पुढचा भाग काढता येत नव्हता. सिड मायर आणि त्यांच्या ‘सिव्हिलायझेशन’ची ही हकीकत मी माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक तरुण गेम डिझायनरला सांगते. मी पुण्यात वकिली करते. कॉपीराइट, ट्रेडमार्क आणि त्यांच्याभोवतीचे करार हे माझं काम. येणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न ठरलेले असतात. ‘अमक्या गेमसारखा गेम केला तर केस होईल का?’ किंवा नेमकं उलट, ‘माझी आयडिया कुणी ढापू नये म्हणून काय रजिस्टर करू?’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरं या एका गेमच्या तीस-चाळीस वर्षांच्या प्रवासात सापडतात.

त्याची सुरुवात संगणकावर झालीच नाही. 1980 साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस ट्रेशम यांनी ‘सिव्हिलायझेशन’ नावाचा पटावरचा खेळ काढला. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्राचीन संस्कृतींपैकी एक खेळाडूने घ्यायची, लोकसंख्या वाढवायची, शहरं वसवायची, इतरांशी मालाची देवाणघेवाण करायची आणि त्या कमाईतून शेती, लेखन, कायदा अशी प्रगतीची पत्ती विकत घ्यायची. फासे नाहीत, लढाईला दुय्यम स्थान. हार्टलँड ट्रेफॉइल या छोट्या ब्रिटिश कंपनीचा हा खेळ अमेरिकेत बाल्टिमोरच्या अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीने विकला.

अकरा वर्षांनी, 1991 मध्ये, त्याच मेरिलँड राज्यातल्या मायक्रोप्रोज कंपनीने संगणकावरचा ‘सिव्हिलायझेशन’ आणला. डिझायनर होते सिड मायर आणि ब्रूस शेली. शेली त्याआधी अ‍ॅव्हलॉन हिलमध्येच नोकरीला होते. खेळ मात्र वेगळा होता. इसवी सनापूर्वी 4000 मध्ये वसाहतवाल्यांची एक तुकडी, भोवती अंधारलेला नकाशा, आणि तिथून पाळीपाळीने थेट अंतराळयानापर्यंत. दोन्हींत सारखी असलेली सर्वांत उघड गोष्ट म्हणजे नाव. त्यासाठी मायक्रोप्रोजने अ‍ॅव्हलॉन हिलशी बोलणी केली, परवानगी मिळवली आणि संगणक गेमच्या खोक्यात पटावरच्या खेळाची जाहिरात करणारा एक कागद घातला. एका कागदावर भागलं! पुढे याच नावापायी कोर्टकचेऱ्या झाल्या, म्हणून हा कागद लक्षात ठेवायचा.

बाकीच्या साम्याबद्दल ट्रेशम यांना दाद मागता आली असती का? माझ्या मते नाही. प्रगतीच्या पायऱ्या असाव्यात, एक विद्या शिकल्याशिवाय दुसरी मिळू नये, शहराने आसपासच्या जमिनीवर जगावं, या कल्पना आहेत, खेळण्याच्या पद्धती आहेत. अमेरिकेच्या 1976 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 102(ब) सरळ सांगतं की कल्पना, कार्यपद्धती, प्रणाली यांवर कॉपीराइट मिळत नाही. मिळतो तो ती कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपावर: नियमपुस्तिकेतल्या वाक्यांवर, चित्रांवर, संगीतावर, कोडवर. आपल्याकडेही तेच. आर. जी. आनंद यांनी ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ नाटकावरून उचलला असा दावा केला होता. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. प्रांतवाद हा विषय दोन्हींत होता, पण विषयाचा मालक कुणी नसतो. पाहायचं असतं ते मांडणी उचलली आहे का, हे.

ही रेघ कागदावर सोपी वाटते, पडद्यावर ती शोधावी लागते. सांगलीचा एक मुलगा मध्यंतरी लॅपटॉप घेऊन आला. त्याचा गेम सह्याद्रीतला: घाटवाटा अडवायच्या, गड बांधायचे, पावसाळ्याआधी धान्य भरायचं. मी त्याला गेम सुरू करायला सांगितलं आणि आम्ही एकेक पडदा थांबवून पाहत गेलो. गडाभोवतीचा मुलूख त्याच गडाला धान्य पुरवतो, हा नियम, मोकळा. कोठार भरल्याशिवाय नवा गड नाही, हाही मोकळा. मग धान्याचं चिन्ह आलं. पिवळ्या पेंढीचं इवलंसं चित्र, डाव्या कडेला किंचित सावली. ‘हे कुठून आणलं?’ म्हणून विचारलं तर एका गाजलेल्या गेमच्या फाइल्समधून काढलेलं. मदतीच्या पानावरची वाक्यंही तिथलीच, फक्त ‘शहर’च्या जागी ‘गड’. टेक ट्रीमधली, म्हणजे एकीतून दुसरी विद्या फुटत जाणाऱ्या झाडातली, नावं आणि त्यांचा क्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच. आणि शीर्षक? त्या गेमचं नाव आणि पुढे ‘मराठा’.

झाडाची कल्पना कुणाची नाही, पण कुणीतरी निवडून रचलेलं अख्खं झाड फांदीन् फांदी उतरवलं तर न्यायालय त्याकडे निव्वळ नियम म्हणून पाहीलच असं नाही. चित्रं आणि वाक्यं तर सरळच उचललेली. शीर्षकावर कॉपीराइट नसतो, तिथे ट्रेडमार्क आडवा येतो, आणि तो जास्त झोंबतो. मी त्याला सगळं काढायला लावलं. मुलगा नाराज झाला, पण परत आला तेव्हा पिवळ्या पेंढीच्या जागी पन्हाळ्यावरच्या अंबारखान्यासारखं दगडी कोठार त्याने स्वतः काढलं होतं. गंगा, यमुना आणि सरस्वती ही तिथली तिन्ही कोठारं तो बघून आला होता. गेम आता कुठे त्याचा वाटायला लागला. इतिहासासाठी मात्र कुणाचीच परवानगी लागत नाही. 2009 च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’ या ब्रिटिश गेममध्ये मराठा राज्य खेळायला घेता येतं. जे त्यांना मोकळं आहे ते आपल्या मुलांनाही मोकळं आहे.

आता नावाकडे. 1996 मध्ये सिड मायर, जेफ ब्रिग्स आणि ब्रायन रेनॉल्ड्स मायक्रोप्रोज सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फिरॅक्सिस ही कंपनी काढली. ‘सिव्हिलायझेशन’चे हक्क मागे मायक्रोप्रोजकडेच राहिले. दुसरीकडे 1997 मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन या बड्या कंपनीने अ‍ॅव्हलॉन हिलकडून तेच नाव वापरायचं लायसन्स घेतलं, आणि दोघींनी मिळून मायक्रोप्रोजवर दावा ठोकला: हे नाव मुळात आमचं. मायक्रोप्रोजने यावर जी चाल खेळली ती कुठल्याही स्ट्रॅटेजी गेममध्ये शोभली असती. तिने मूळ ब्रिटिश कंपनी, हार्टलँड ट्रेफॉइल, विकतच घेतली. अ‍ॅव्हलॉन हिलला नाव जिच्याकडून मिळालं होतं तीच आता प्रतिवादीच्या मालकीची झाली. 1998 च्या जुलैमध्ये तडजोड झाली. नाव मायक्रोप्रोजचं ठरलं आणि अ‍ॅक्टिव्हिजनला त्या नावाने एक गेम काढायचं लायसन्स मिळालं. तोच 1999 चा ‘सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर’. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागावर ते नाव नाही. तो नुसता ‘कॉल टू पॉवर 2’ आहे. खेळ त्याच घराण्यातला, नियम ओळखीचे, पण ओळख सांगायची सोय राहिली नाही.

आणि फिरॅक्सिसने काय केलं? मला या सगळ्यात सर्वांत भावणारा भाग हाच आहे. ज्यांनी हा प्रकार घडवला त्यांनाच नाव, चित्रं, कोड यांतलं काही वापरता येत नव्हतं. मोकळे होते फक्त नियम आणि डोक्यातलं शहाणपण. मूळ गेम जिंकायचा एक मार्ग असा होता की अल्फा सेंटॉरी या ताऱ्याकडे यान पाठवायचं. फिरॅक्सिसने 1999 चा ‘अल्फा सेंटॉरी’ बरोबर तिथून सुरू केला. यान पोचतं, माणसं आपसांत फुटतात, आणि परक्या ग्रहावर राष्ट्रांऐवजी विचारसरणींचे गट उभे राहतात. कुणी निसर्गवादी, कुणी बाजारवादी, कुणी धर्मनिष्ठ. लढाऊ तुकड्याही खेळाडूने सुटे भाग जोडून स्वतः रचायच्या. नाव हाताशी असतं तर हे धाडस झालं असतं का, मला शंका आहे. रेनॉल्ड्स यांच्या या गेमला आजही जाणकार वरच्या पंक्तीत बसवतात.

याच सुमारास डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी तिसरी वाट काढली. त्यांनी 1995 मध्ये ‘फ्रीसिव्ह’ लिहायला घेतला. ‘सिव्हिलायझेशन’वरून प्रेरणा घेतलेला, पण कोड पहिल्या ओळीपासून स्वतःचा, आणि जीपीएल या लायसन्सखाली सर्वांना खुला. आजही तो फुकट उतरवून घेता येतो. त्याचे नियम साध्या मजकुराच्या फाइल्समध्ये ठेवलेले असतात. कुठल्याही एडिटरमध्ये उघडून तुकडीची ताकद किंवा इमारतीची किंमत बदलता येते. स्ट्रॅटेजी गेम आतून कसा चालतो हे शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. पण इथेही अट आहे आणि ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. जीपीएलचा कोड घेऊन तुम्ही गेम केलात तर तो विकायला बंदी नाही, पण ज्याला गेम द्याल त्याला तुमचा बदललेला कोडही त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो. ‘फुकट’ म्हणून घेतला, झाकून विकला, असं चालत नाही. तसंच, खुला कोड म्हणजे खुलं नाव नव्हे. 2020 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ‘कमांड अँड कॉन्कर’चा जुना कोड जीपीएलखाली खुला केला, पण नाव स्वतःकडेच ठेवलं.

नियम मोकळे आहेत म्हणून बेफाम सुटलेल्यांसाठी 2012 चा टेट्रिसचा खटला आहे. झिओ नावाच्या कंपनीने कायदा वाचूनच नक्कल केली होती: आम्ही फक्त नियम घेतले, आणि नियमांवर हक्क नसतो. न्यू जर्सीच्या न्यायालयाने पडद्यांची तुलना केली. तुकड्यांची घडण, त्यांचे रंग आणि चकाकी, दहा बाय वीस घरांचा पट, पुढचा तुकडा आधी दाखवण्याची रीत, सगळं इतकं हुबेहूब होतं की निकाल झिओच्या विरुद्ध गेला. तोच नियम दुसऱ्या रूपात मांडता आला असता, तरी तुम्ही तेच रूप का घेतलंत, हा तिथला प्रश्न होता. मला तो प्रश्न योग्य वाटतो. प्रतिस्पर्ध्याने नियम घ्यावेत, सुधारावेत, उलटवावेत. त्याशिवाय हा कलाप्रकार वाढणारच नाही. पण दुसऱ्याने रात्री जागून काढलेलं चित्र उचलणं ही स्पर्धा नव्हे, चोरी आहे.

मला खरी चिंता वाटते ती करारांची. ‘सिव्हिलायझेशन’चं नाव मायक्रोप्रोजबरोबर हॅस्ब्रोकडे गेलं, तिथून इन्फोग्रामकडे. फिरॅक्सिसला 2001 मध्ये तिसरा भाग करता आला तो इन्फोग्रामसाठी. 2004 च्या अखेरीला टेक-टूने सगळे हक्क 2 कोटी 23 लाख डॉलरना घेतले आणि पुढच्या वर्षी फिरॅक्सिसही विकत घेतली. नाव आणि ते घडवणारा माणूस एका छपराखाली यायला नऊ वर्षं लागली, तीही दुसऱ्याच्या पैशाने. सिड मायर यांच्यासारख्यांचं हे, तर आपल्याकडच्या पोरांचं काय! माझ्या एका अशिलाने नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी घरी बसून केलेला गेम कंपनीने कराराच्या एका ओळीवर स्वतःचा म्हणून ठेवून घेतला आणि बाजारात कधी आणलाच नाही. ती ओळ त्याने सही करताना वाचली नव्हती.

आपला 1957 चा कॉपीराइट कायदा या बाबतीत वाटतो तितका निर्दय नाही. कलम 17 प्रमाणे नोकरीच्या ओघात केलेलं काम मालकाचं होतं, पण ‘उलट करार नसेल तर’ ही अट त्यातच आहे. म्हणजे सही करण्याआधी बोलायला जागा आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कलम 19 नुसार ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि ज्याने हक्क घेतले त्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही नसल्यास ते परत तुमच्याकडे येतात. मोठ्या कंपन्यांचे छापील करार नेमके हेच ‘नसल्यास’ भरून काढतात.

म्हणून गेम डिझायनर मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे. दुसऱ्यांचे गेम भरपूर खेळा, त्यांचे नियम उकलून पाहा, हवे ते घ्या. चित्र, मजकूर, संगीत स्वतः करा किंवा लायसन्स वाचून घ्या. नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर शोधा. तिथे शोधायला पैसे पडत नाहीत. आणि करार समोर आला की मुदत, प्रदेश, न वापरल्यास हक्क परत आणि नोकरीबाहेरचं काम, या चार जागी बोट ठेवून विचारा. उत्तर लेखी मिळेपर्यंत सही करू नका.