चिंच, गूळ आणि चीन

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली ज्या गावात झाला, ते जालना जिल्ह्यातलं जांब हे माझं सासर. शिकायला बाहेरगावी राहणारा लेक सुटीत घरी आला, आजीच्या हातच्या आमटीची वाटी बाजूला सारून म्हणाला, “आई, काहीतरी चायनीज कर ना!” सासूबाईंचा चेहराच उतरला.

चीनच्या कँटन भागातल्या आंबटगोड पदार्थात डुकराचं मांस असतं. आमच्या घरी ते शक्यच नव्हतं, म्हणून मी फ्लॉवर घेतला. तुरे कॉर्नफ्लॉवरच्या घट्ट पिठात बुडवून मध्यम आचेवर तळले, निवल्यावर कडक तेलात पुन्हा तळले. दुसऱ्या तळणीत उरलीसुरली ओल जाते आणि कुरकुरीतपणा टिकतो. कॉर्नफ्लॉवर लेकानंच आणलं होतं. व्हिनेगर मात्र विसरला होता.

माझी तारांबळ पाहून सासूबाईंनी न बोलता चिंचेचा कोळ आणि गूळ पुढे केला. ४ चमचे कोळ, ३ चमचे गूळ, वाटीभर पाणी, आलं, मिरची, मीठ. उकळी आल्यावर गार पाण्यात कालवलेलं चमचाभर कॉर्नफ्लॉवर घातलं. रस दाटून चकाकला, तसे तुरे घोळवून लगेच वाढले.

लेकानं बोटं चाटली. सासूबाईंनी चव घेतली आणि म्हणाल्या, “अरे, ही तर आपली आमटीच की, बिनडाळीची!”

तो हसला. मघाशी बाजूला सारलेली वाटी त्यानं हळूच पुढे ओढली.