गुडघा की गल्ली? (चालतं म्हातारपण : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात पावलं मोजणाऱ्या यंत्राविषयी बोललो. पावलं कमी भरली तर दोष गुडघ्याचा की गल्लीचा, हे मात्र त्या यंत्राला सांगता येत नाही. म्हणून परिसराचा चालण्यावरचा परिणाम शोधणारे काही संशोधक धडधाकट ज्येष्ठच निवडतात, काठीशिवाय, कुणाचा हात न धरता चालणारे. दुखणं असं आधीच बाजूला काढलं की परिसराचा वाटा दिसायला लागतो.

अमेरिकेत सिएटल आणि बाल्टिमोर भागात ६६ आणि त्यापुढच्या वयाच्या माणसांवर परिसर आणि चालण्याचा अभ्यास झाला. निष्कर्ष २०११ मध्ये छापून आले. दुकानं जवळ आणि रस्ते एकमेकांना जोडलेले असतील, तर ज्येष्ठ मंडळी कामानिमित्त जास्त चालतात, असं त्यात दिसलं. पण अशा अभ्यासांना एक शंका कायम चिकटलेली असते. ज्याला चालायची हौस, तो घरही तशाच वस्तीत घेतो. मग पाय चालवतं कोण, वस्ती की हौस?

नांदेड जिल्ह्यातल्या मुदखेडसारख्या गावात ही गाठ बरीच सैल होते. इथल्या बहुतेक म्हाताऱ्यांनी गल्ली बघून घर निवडलेलं नाही. कुणी वडिलांच्या घरात राहिलं, कुणी सून म्हणून आलं. जी गल्ली वाट्याला आली ती आली. म्हणून माझ्या मते महानगरापेक्षा तालुक्याचं गाव या प्रश्नाला जास्त सरळ उत्तर देईल.

प्रश्नावली मात्र नव्यानं बांधावी लागेल. वस्ती चालण्याजोगी आहे का, हे रहिवाशांनाच विचारणारी नेहमीची प्रश्नावली २००३ मध्ये सॅन डिएगोत तपासली गेली. दीप्ती अदलखा आणि सहकाऱ्यांनी ती भारतासाठी बदलून चेन्नईत वापरली, ते निष्कर्ष २०१६ चे. पण चेन्नई म्हणजे मुदखेड नव्हे. आदिलाबादचा फाटा जिथून फुटतो त्या जंक्शनच्या गावात पहिला प्रश्न हवा : रूळ कुठून ओलांडता? मग पुढचे. पावसात काळ्या मातीचा चिखल चपलेला किती धरतो? वाटेत टेकायला ओटा किंवा पार आहे का? नालीवरची फरशी हलते का? हा शेवटचा प्रश्न फालतू वाटेल. तरुण माणूस हलती फरशी उडी मारून ओलांडतो. सत्तरीतली बाई आधी चप्पल टेकवून ती दाबून बघते, डुगडुगली की मागे फिरते आणि दुसऱ्या दिवसापासून त्या बाजूला जातच नाही. नकाशात रस्ता आहे, तिच्यासाठी नाही.

विचारायची पद्धतही सांभाळायला हवी. ‘फिरायला जाता का?’ म्हटलं तर आजी हसून म्हणतील, ‘आमचं कुठलं आलंय फिरणं, बापा!’ त्याऐवजी काल सकाळपासून कुठं कुठं गेलात, असं विचारावं. मग मळ्यात काकड्याची फुलं तोडायला गेल्या, देवळात गेल्या, दळण आणलं, लेकीकडे डोकावल्या, असं एकेक निघतं. फुलशेतीच्या या गावात असं चालणं ‘व्यायाम’ म्हणून कुणीच सांगणार नाही.

आणि मोजणी एकदाच करून भागणार नाही. मे महिन्यात इथं पारा चाळिशी ओलांडतो, डिसेंबरात सकाळी स्वेटर लागतो. दोन्ही मोसमांत तीच माणसं, त्याच गल्ल्या मोजाव्या लागतील. गल्लीतली सावली कशी मोजतात, ते पुढच्या लेखांकात.