अरुंद रस्ते, तुटपुंजी तिजोरी

शहरांत गर्दी वाढली कीं, घरें पाडा, पूल बांधा, हीच ओरड प्रथम कानीं येते. पण द्रव्य कोठून आणावयाचें? भुयारी रेल्वेचा खर्च न झेपणाऱ्या ब्राझीलमधील कुरितिबा शहरानें निराळी वाट धरली. वास्तुशिल्पज्ञ नगराध्यक्ष जाइमे लेर्नेर यांच्या कारकीर्दींत, १९७४ सालीं, रस्त्याच्या मधोमध केवळ बसगाड्यांकरितां मार्ग राखण्यांत आला. १९९१ मध्यें नळीच्या आकाराचे थांबे आले. पैसे थांब्यावरच द्यावयाचे, गाडींत चढावयास पायरी नाहीं, त्यामुळें खोळंबा टळला. पुण्यानेंही २००६ सालीं कात्रज–स्वारगेट–हडपसर रस्त्यावर हा प्रयोग आरंभिला. परंतु राखीव मार्गांत इतर वाहनें बिनदिक्कत शिरूं लागलीं. आमच्या मतें खरी मेख येथेंच आहे. एका पुलाच्या खर्चांत किती पहारेकरी वर्षानुवर्षें उभे करतां येतील, याचा हिशेब नगरपित्यांनीं कधीं मांडला आहे काय?