समोर माणूस बसलेलं असतं

चित्र काढायला शिकवणारे व्हिडिओ आता ज्याच्या त्याच्या खिशात आहेत. नाक कसं काढायचं, पाणी कसं रंगवायचं, कपड्याच्या चुण्या कशा दाखवायच्या, सगळं फुकट मिळतं. तरीही दर वर्षी जळगाव, सांगली, नांदेड, सावंतवाडीकडची मुलं सीईटी देतात आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश मिळावा म्हणून जिवाचं रान करतात. कशासाठी? संपादकांनी हा प्रश्न माझ्याकडे सोपवला आणि मी दादाभाई नौरोजी मार्गावरच्या त्या आवारात जाऊ लागले. उत्तर मला लाइफ क्लासमध्ये, म्हणजे समोर बसलेल्या जिवंत माणसावरून चित्र काढण्याच्या वर्गात, मिळालं. त्या उत्तराबरोबर एक काळजीही आली आणि ती अजून मनातून गेलेली नाही.

संस्थेचा इतिहास थोडक्यात सांगते. सर जमशेटजी जिजीभाई यांनी दिलेल्या १ लाख रुपयांच्या देणगीतून मार्च १८५७ मध्ये ही शाळा सुरू झाली. सुरुवातीचे वर्ग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये भरत. चांगले कारागीर घडवावेत, एवढाच सरकारचा हेतू होता. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग शिल्पकाम शिकवायला आले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचा मुलगा रुडयार्ड याच आवारात जन्मला. इथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेलं आणि पुढची काही वर्षं तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. आज जी उंच कमानींची इमारत दिसते तिच्यात शाळा १८७८ मध्ये आली. व्हीटी, म्हणजे आताच्या सीएसएमटी, स्टेशनच्या अंगावरची पानं, पक्षी, प्राणी यांतलं कितीतरी काम जे. जे.च्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. १८९० मध्ये कोल्हापूरहून एक मुलगा इथे शिकायला आला. आधी विद्यार्थी, मग शिक्षक आणि शेवटी प्रमुख म्हणून तो इथेच राहिला. त्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी पुढे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या नावाने आठवणी लिहिल्या. गावाकडून येऊन या आवारात रुजण्याची वाट तेव्हापासूनची आहे.

त्या वाटेने आजही मुलं येतात. येताना त्यांच्याजवळ एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची प्रमाणपत्रं असतात आणि बोटांत एक पाठ झालेला माणूस असतो. महाराष्ट्रात चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या कुणालाही तो माहीत आहे. स्मरणचित्राच्या पेपरला भाजीबाजार आला की टोपली घेतलेली बाई, एसटी स्टँड आला की वळकटी घेतलेला म्हातारा, गणेशोत्सव आला की हात वर केलेला ढोलवाला. गाइडमधून, क्लासच्या सरांकडून, आधीच्या मुलांच्या वहीतून ही माणसं गिरवून गिरवून पक्की झालेली असतात. सीईटीतही वस्तुचित्र आणि संकल्पचित्राबरोबर स्मरणचित्र असतंच, आणि तिथेही हाच माणूस मुलांना तारून नेतो. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. जिथे चित्रकलेला वेगळा शिक्षकही नसतो अशा शाळांतून आलेल्या मुलांना त्याच माणसाने इथवर आणलेलं आहे.

जे. जे.त आल्यावर पहिल्यांदा हाच माणूस मोडतो. फाउंडेशनच्या वर्षात मडकं, किटली, कापडाची घडी, प्लास्टरचं मस्तक समोर ठेवलं जातं आणि जे दिसतं तेच काढायचं असतं. ऐकायला सोपं वाटतं. पण इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवलेल्या मुलाला आठवडाभर एक किटली धड जमत नाही, तेव्हा त्याचा धीर सुटतो. गावात तो ‘आपला आर्टिस्ट’ असतो. इथे शेजारच्या डाँकीवर, म्हणजे समोर बोर्ड टेकवायची सोय असलेल्या लाकडी बाकावर, बसलेल्या मुलीचा हात त्याच्यापेक्षा किती मोकळा आहे ते त्याला दिसत असतं. पहिल्या सहामाहीत घरी परत जायचा विचार आला नाही, असं सांगणारा विद्यार्थी मला भेटला नाही.

या मोडतोडीत मुंबई मोठी मदत करते. हातात स्केचबुक आलं की लोकल हा वर्गच होतो. समोरचा प्रवासी दादरला उतरणार की कुर्ल्याला, हे माहीत नसतं. झोपलेल्या माणसाची मान कुठे टेकली आहे आणि दांडीला लटकलेल्या हातावर शरीराचा भार कसा आला आहे, हे दोन स्टेशनांच्या आत पकडावं लागतं. सीएसएमटीचा फलाट, क्रॉफर्ड मार्केटमधले पाटीवाले, मशीद बंदरचे हातगाडीवाले, भाऊच्या धक्क्यावरच्या कोळणी, यांपैकी कुणीही चित्रासाठी थांबत नाही. दिवसाला पन्नास-शंभर स्केचेस करा, असं सर सांगतात आणि सीनियर दादा-ताया ते खरंच करताना दिसतात. महिन्या-दोन महिन्यांत मुलांच्या लक्षात येतं की टोपली घेतलेली प्रत्येक बाई वेगळ्या तऱ्हेने उभी असते. एखादी कमरेतून झुकते. दुसरीची मान ताठ असते आणि पाय फाकलेले असतात. पाठ केलेली बाई तशी कधीच उभी राहत नव्हती.

शहर असं पळत्या माणसाला पकडायला शिकवतं. थांबलेल्या माणसाकडे बघायला शिकवणारी जागा एकच आहे, लाइफ क्लास.

नग्न मॉडेल समोर बसवून अभ्यास करण्याची पद्धत जे. जे.त तिथले प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, १९१९ च्या सुमारास रुजली. तिथवर मुलं पायरीपायरीने पोचतात. आधी प्लास्टरचे पुतळे, मग हेड स्टडी, मग कपड्यातली पूर्णाकृती आणि त्यानंतर न्यूड. मोठ्या खिडक्यांतून येणारा प्रकाश, मधे एक चौथरा आणि त्याच्याभोवती अर्धवर्तुळात ईझल. मॉडेल चौथऱ्यावर बसते, सर पोझ ठरवतात आणि कुणीतरी खडूने तिच्या पावलांभोवती, टेकलेल्या तळव्याभोवती खुणा करतं. वीस-पंचवीस मिनिटांनी ती उठते, पाय झाडते, चहा घेते आणि पुन्हा त्या खुणांमध्ये जाऊन बसते. एक चित्र पुरं व्हायला अशा कितीतरी बैठका लागतात.

मी पाहिलेल्या वर्गात मॉडेल पन्नाशीच्या आसपासच्या होत्या. मुलं त्यांना मावशी म्हणत होती. मी चित्रं बघायला गेले होते, पण माझी नजर त्यांच्यावरून हटेना. बसण्याआधी त्यांनी समोरच्या भिंतीवरचा एक डाग निवडला आणि नजर तिथे लावली. डावा हात मागे टेकलेला होता आणि सगळा भार त्याच्यावर होता. दहा मिनिटांनी त्या दंडाची शीर तटतटून वर आली. हात हलला नाही. श्वास मात्र छातीतून पोटात उतरला, म्हणजे खांदे हलणार नाहीत. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. वर्षानुवर्षं बसून त्यांनी ते कमावलं आहे. विश्रांतीत त्या एका मुलीच्या ईझलमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि चित्रातली कंबर जास्त वळली आहे, असं त्यांनी तिला सांगितलं. मुलीने ओळंबा धरून पाहिलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तिने पावाच्या मऊ गाभ्याने तेवढा कोळसा उचलला आणि रेघ नव्याने घातली. त्या वर्गात शिकवणारी माणसं दोन होती आणि त्यांतल्या एकाच माणसाचा पगार शिक्षक म्हणून निघत होता.

पहिल्या न्यूडच्या वेळी काय वाटलं, असं मी अनेकांना विचारलं. बहुतेकांनी सांगितलं की पहिली काही मिनिटं मान वर करायचा संकोच वाटला. मग खांद्यापासून कोपरापर्यंतचं अंतर डोक्याच्या किती पट आहे, हा प्रश्न समोर आला आणि संकोच मागे पडला. कॉलेजात येईपर्यंत मुला-मुलींनी शेजारी बसणंही ज्यांच्या घरी खपत नव्हतं, असे विद्यार्थी हे सांगत होते. एका मुलीने सांगितलं की मावशींच्या पोटावरची बाळंतपणाची वळी रंगवताना तिला आपल्या आईचं शरीर पहिल्यांदा कळलं. घरी मात्र ती अजून फळं-फुलंच काढते असं सगळे समजतात.

या वर्गात आणखी एक गोष्ट शिकावी लागते, ती त्वचेच्या रंगाची. युरोपीय पुस्तकांतली रंगमिश्रणं गोऱ्या अंगासाठीची. सावळ्या त्वचेच्या सावलीत हिरवट आणि जांभळट छटा असतात, प्रकाश पडतो तिथे ती निळसर चमकते. बर्न्ट सिएना, व्हिरिडियन, अल्ट्रामरीन यांचा मेळ समोरच्या माणसाकडे बघत प्रत्येकाला नव्याने घालावा लागतो. मुंबईच्या चित्रकारांनी हे ज्ञान चार-पाच पिढ्या हातोहात पुढे दिलं आहे. चित्रकार म. रा. आचरेकरांनी ‘रूपदर्शिनी’ या पुस्तकात जिवंत देहाचा आणि भारतीय शिल्पांतल्या देहाचा अभ्यास शेजारी शेजारी ठेवला, त्यामागेही हाच ध्यास होता की आपल्या माणसांचं शरीर आपल्या डोळ्यांनी समजून घ्यावं.

ज्यांनी पुढे माणूस चित्रातून काढूनच टाकला तेही याच आवारातून गेले. वासुदेव गायतोंडे यांनी १९४८ मध्ये इथली पदविका घेतली. त्यांच्या नंतरच्या कॅनव्हासवर आकृती नाही, पण रंगाच्या थरावर तासन् तास नजर ठेवण्याची शिस्त आहे. फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना राजकीय चळवळीतल्या सहभागामुळे १९४५ मध्ये इथून काढून टाकलं गेलं. दोन वर्षांनी त्यांनी रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. ॲकॅडमिक शिक्षणावर तुटून पडलेल्या सूझांची माणसं जाड रेघेची, वेडीवाकडी आहेत, तरी त्यांतलं एकही पाठ केलेलं वाटत नाही. एवढं काम या वर्गाने केलं तर पुरे. पुढे कुणी कोणत्या वाटेने जायचं हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता काळजीबद्दल.

पहिली काळजी मावशींची. मॉडेलचं काम करणाऱ्या बहुतेक बाया गरजेपोटी येतात आणि घरी खरं काम सांगत नाहीत. झाडलोटीला जाते, शिपाई आहे, असं काहीतरी सांगितलेलं असतं. रवी जाधव हे स्वतः जे. जे.च्या उपयोजित कला संस्थेचे विद्यार्थी. त्यांचा ‘न्यूड’ हा चित्रपट अशाच एका बाईचा आहे. २०१७ मध्ये परीक्षकांनी निवडूनही गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवातून तो वगळला गेला आणि पुढच्या वर्षी प्रदर्शित झाला. चित्रपट लोकांनी पाहिला, त्यावर चर्चाही झाली. पण हे काम रोजंदारीचंच राहिलं. जितके दिवस बसणं तितके पैसे. गुडघे गेले, पाठ धरली की काम संपलं, आणि त्यानंतर पेन्शन नाही, काही नाही. ज्या शरीरावरून शेकडो मुलं शिकली, त्या शरीराच्या दुखण्याची जबाबदारी कुणाचीच नाही. नव्या बायाही या कामाला सहज मिळत नाहीत. मॉडेल आली नाही की मुलं मोबाइलवरच्या फोटोवरून काढतात. फोटोत शीर तटतटत नाही, श्वास पोटात उतरत नाही.

दुसरी काळजी शिक्षकांची. राज्यातल्या शासकीय कला महाविद्यालयांत कायम शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या आणि कंत्राटी शिक्षकांवर काम भागवलं गेलं. त्यांच्यातही जीव ओतून शिकवणारे आहेत. पण लाइफ क्लासचं शिक्षण एका तासात उरकत नाही. मुलाची रेघ पहिल्या वर्षी कशी होती हे ज्याला आठवतं, तोच तिसऱ्या वर्षी तिच्यात काय बदललं ते सांगू शकतो. पुढच्या वर्षी आपण असू की नाही हेच ज्या शिक्षकाला माहीत नाही, त्याच्याकडून ही आठवण कशी मागायची?

तिसरी काळजी पैशांची. सरकारी फी परवडली तरी तैलरंगांच्या ट्यूब, कॅनव्हास आणि ब्रश परवडत नाहीत. सबमिशनच्या आठवड्यात दोघं-तिघं मिळून पांढऱ्या रंगाची एक ट्यूब घेतात. वसतिगृहात जागा नसेल तर कल्याण, विरारच्या पुढे कुठेतरी खोली, आणि फुल इम्पिरियल आकाराच्या कागदाचा मोठा बोर्ड घेऊन लोकलच्या लगेज डब्यातून रोजचा प्रवास. संध्याकाळी कुणी लग्नाच्या मांडवाची सजावट करतं, कुणी गणपतीच्या कारखान्यात रंगकाम. झोपेतून उसने घेतलेले तास घेऊन ही मुलं ईझलसमोर उभी राहतात.

१९८१ पासून मुंबई विद्यापीठाशी जोडलेल्या जे. जे.ला २०२३ मध्ये केंद्र सरकारने अभिमत विद्यापीठाचा दर्जा दिला. त्यातून अभ्यासक्रम स्वतः ठरवण्याची मोकळीक मिळते आणि नव्या विषयांना दार उघडतं. याचा मला मनापासून आनंद आहे. ॲनिमेशन यावं, डिजिटल माध्यम यावं, कृत्रिम बुद्धिमत्तेवरही शिकवावं. पण अभिमत विद्यापीठ म्हटलं की फी वाढेल आणि नांदेडचा मुलगा दारातूनच परत जाईल, ही मुलांच्या मनातली भीतीही मी ऐकली. या मोकळिकीचा पहिला उपयोग लाइफ क्लास सांभाळण्यासाठी व्हावा. मॉडेलना कायम नोकरी आणि म्हातारपणाची सोय मिळावी. शिक्षकांच्या जागा भराव्यात. फी सरकारी पातळीवरच राहावी आणि रंग-कॅनव्हाससाठी गरजू मुलांना हक्काचा निधी असावा.

संपादकांच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. आता यंत्राला सांगितलं की ते क्षणात टोपली घेतलेली बाई काढून देतं. ती बाई लाखो चित्रांवरून पाठ केलेली असते. आपल्या शाळांतली मुलंही तशीच बाई पाठ करून येतात. तिला विसरून समोरच्या एका खऱ्या बाईकडे आठवडाभर बघत राहायला शिकवणाऱ्या जागा महाराष्ट्रात मोजक्याच उरल्या आहेत. त्यांतली सगळ्यात जुनी जागा सरकारची, म्हणजे आपल्या सर्वांची आहे. ती नीट चालवण्यासाठी माणसं लागतात, चौथऱ्यावर बसणारी आणि ईझलमागे उभं राहून शिकवणारी. त्यांचा पगार वेळेवर आणि पुरेसा देणं एवढं आपल्याला जमलंच पाहिजे.