केस गळतात? आधी मुळाकडे पाहा!

पूर्णेला बाजाराच्या दिवशी पेठेतून एक चक्कर मारा. किराणा दुकानांच्या दाराशी शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकत असतात. लाल, हिरव्या, निळ्या, काळ्या. मीठ-मिरची, चहापत्ती घेऊन झाली की पिशवीचे तोंड आवळता आवळता एखादी बाई हळूच विचारते, "दादा, केस लई गळायलेत. त्याच्यावर एखादी पुडी हाय का?" दुकानदार माळेतली सगळ्यात चकचकीत पुडी तोडून हातात देतो. त्याचा तरी काय दोष? मागितले ते त्याने दिले.

पण भगिनींनो, शेतात आपण असे करतो का? कपाशीवर लाल्या आला, पाने लाल पडू लागली, म्हणून पानांना हिरवा रंग फासणारा शेतकरी कोणी पाहिला आहे काय? तो जमीन पाहतो, पाणी पाहतो, खताचा हिशेब काढतो. दुखणे पानावर दिसले तरी त्याचे कारण खाली असते, हे त्याला ठाऊक असते. केसांचेही नेमके तसेच आहे.

दिसतो तो धागा, जिवंत ते मूळ

आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. आपण विंचरतो, ज्याची वेणी घालतो, तो केस नखासारखाच निर्जीव असतो. म्हणून तर कापताना दुखत नाही. जिवंत असते ते कातडीखालचे मूळ. हे मूळ रक्तातून अन्न घेते आणि महिन्याला साधारण एक सेंटिमीटर केस वाढवते. एक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोन-तीन महिने विसावा घेऊन गळतो आणि त्याच मुळातून नवा फुटतो. तेव्हा रोज ५० ते १०० केस गळणे म्हणजे झाडाची पिकली पाने गळण्यासारखे आहे. त्याची धास्ती घेऊ नये.

बाळंतपण, टायफॉइड, डेंग्यू किंवा मोठे ऑपरेशन झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळू लागतात. फणीत पुंजके येतात. बाई घाबरते, तेल बदलते, शाम्पू बदलते. खरे कारण मात्र तीन महिन्यांपूर्वीच घडून गेलेले असते. बहुतेक वेळा सहा-आठ महिन्यांत केस आपोआप भरून येतात आणि श्रेय शेवटी घेतलेल्या बाटलीला मिळते!

तेल आणि शाम्पू यांचे काम मर्यादित आहे. मळ काढणे, गुंता कमी करणे, चमक आणणे, एवढेच त्यांना साधते. मुळाला पोसणे त्यांच्या हाती नाही.

शेगावकडे काय घडले

याचा दाखला फार लांबचा नाही. २०२४ च्या डिसेंबर अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस एकाएकी गळू लागले. हात फिरवला की केस हातात येत. तीन-चार दिवसांत टक्कल पडे. बघता बघता ही साथ १८ गावांत गेली आणि बाधितांची संख्या पावणेतीनशेच्या वर पोहोचली. मुली शाळा-कॉलेजात जायला लाजू लागल्या, कुणाकुणाची लग्ने पुढे ढकलली गेली.

तो भागही पूर्णेच्याच खोऱ्यातला. पण ती पूर्णा वेगळी, तापीला मिळणारी. आपली पूर्णा गोदावरीला मिळते. तिकडच्या खारपाणपट्ट्यात पाणी मुळातच खारे, म्हणून पहिला संशय पाण्यावर गेला. मग बुरशीवर गेला. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथील लोकांचे रक्त, लघवी, केस आणि खाण्यातला गहू यांची तपासणी करवून घेतली. सर्वांत सेलेनियम नावाचे द्रव्य भलतेच जास्त निघाले. बाहेरच्या राज्यातून रेशनवर आलेल्या गव्हातून ते शरीरात गेले असावे, असे त्यांनी २०२५ मध्ये मांडले. रेशनच्या गव्हाबद्दल वाद झाला. पण सेलेनियम अंगात जास्त झाले की केस आणि नखे गळतात, हे वैद्यकाला पूर्वीपासून माहीत आहे. पुढे एप्रिल २०२५ मध्ये त्याच गावांतल्या काही लोकांची नखेही गळू लागली.

यातून घ्यायचे ते एवढेच. डोक्यावर दिसलेले दुखणे ताटातून आलेले असू शकते. ते पुडीने कसे बरे होणार?

पाणी बोअरचे, फेस येईना

आपल्या भागात पुष्कळ घरी न्हायला बोअरचे पाणी असते. त्यात चुना आणि मॅग्नेशियमचे क्षार असतील तर ते पाणी जड होते. ओळख सोपी आहे. डाळ लवकर शिजत नाही, भांड्यावर पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही. अशा पाण्यात अंगाच्या साबणाने डोके धुतले की साबण आणि चुना मिळून चिकट साय तयार होते. ती केसांवर बसते, केस राठ होतात, गुंततात आणि विंचरताना तुटतात. पुष्कळ वेळा आपण ज्याला गळणे म्हणतो ते हे तुटणे असते. गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरा गोळा दिसतो, तुटलेल्याला तो नसतो. एकदा निरखून पाहा.

उपाय घरचेच आहेत. डोक्याला अंगाचा साबण लावू नका. कपड्यांची पावडर आणि धुण्याचा सोडा तर मुळीच नको. शेवटच्या तांब्यात अर्धे लिंबू पिळून ते पाणी केसांवरून घ्या, म्हणजे साय सुटते. ते डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नका. पावसाळ्यात पन्हळीचे स्वच्छ पाणी भरून ठेवता आले तर न्हाण्याला त्यासारखे हलके पाणी नाही.

शिकेकाई बरी की शाम्पू?

शाम्पू म्हटले की विलायती वाटतो. पण हा शब्द आपल्याच देशातला. डोके चांपणे, चंपी करणे यावरून तो इंग्रजीत गेला. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील ब्रायटनला चंपी-मालिशीचे स्नानगृह चालवले. तेव्हा शाम्पू म्हणजे मालिश. धुण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

शिकेकाई आणि रिठा यांत फेस करणारे द्रव्य निसर्गतःच असते आणि त्याची चुन्याशी साय होत नाही. मूठभर शिकेकाई, पाच-सहा बिया काढलेले रिठे आणि थोडा वाळला आवळा रात्री भिजत घाला, सकाळी उकळा, कुस्करून फडक्याने गाळा. गाळल्याशिवाय लावल्यास चोथा केसांत अडकतो. डोळे मिटून घ्या, रिठा फार झोंबतो.

हे करायला वेळ नसेल तर शाम्पू वापरण्यात काही पाप नाही. जड पाण्यातही त्याचा फेस होतो. फक्त पुडी थेट डोक्यावर ओतू नका. वाटीभर पाण्यात मिसळा, बोटांनी कातडीला लावा, नखांनी खरवडू नका. आठवड्यातून दोनदा पुरे. कापूस वेचणी, मळणी, हळद काढणी अशा धुळीच्या कामावर डोक्याला रुमाल बांधला तर एक धुणे वाचते.

कोंडा झाला असेल तर तेल वाढवू नका, कमी करा. कोंड्यामागची बुरशी तेलावरच पोसते. औषधाच्या दुकानात कीटोकोनॅझोल असलेला शाम्पू मिळतो. तो आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटे ठेवून, महिनाभर लावावा. फरक नाही पडला तर डॉक्टरांना दाखवावे.

तेल, फणी आणि चुंबळ

खोबरेल केसांच्या आत मुरते आणि धुताना होणारी झीज कमी करते, असे मुंबईच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले. सूर्यफुलाच्या तेलात तो गुण आढळला नाही. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही लक्षात ठेवावे. तेल न्हाण्याआधी तास-दोन तास लावले तरी पुरते. कोणत्याही तेलाने टकलावर केस उगवत नाहीत, मग बाटलीवर चित्र काहीही असो.

ओले केस ताणून विंचरू नका. मोठ्या दातांच्या कंगव्याने आधी टोके सोडवा, मग वर या. मुलींच्या वेण्या कपाळ ताणेल इतक्या घट्ट घालू नका, रोज ओढ बसून कपाळाकडचे केस विरळ होतात. डोक्यावर भारा, घागर वाहताना मऊ चुंबळ घ्या, नाहीतर टाळूवरचे केस झिजतात.

आणि एखादीच्या केसांत जट धरली तर ती देवीची खूण समजून वाढवू नका. न विंचरलेले केस, तेल आणि मळ यांचा तो गुंता असतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी कितीतरी बायकांना या ओझ्यातून मोकळे केले आहे. त्यांच्यावर कोणताही कोप झाला नाही.

उवांना फवारणीचे औषध? कदापि नको!

या लेखातले एवढे एकच वाक्य लक्षात राहिले तरी चालेल. लेकराच्या डोक्यात उवा झाल्या म्हणून पिकावरचे कीटकनाशक चुकूनही लावू नका. घरात डबा असतो, हात सहज जातो. पण डोक्याची कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी जास्त विष शोषते. थोड्याच वेळात मुलाला दरदरून घाम, लाळ, उलट्या, झटके येऊ शकतात आणि जीवही जाऊ शकतो. असे चुकून झालेच तर कपडे काढा, साबणाने आणि भरपूर पाण्याने डोके व अंग धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. रॉकेलही नको. त्याने कातडी भाजते आणि चुलीजवळ भडका उडतो.

उवांना साधा उपाय पुरतो. केस ओले करून भरपूर तेल लावा आणि बारीक दातांच्या फणीने बटा पाडून मुळापासून विंचरा. दर तीन-चार दिवसांनी, तीन आठवडे. लिखांतून आठ-दहा दिवसांत नव्या उवा निघतात, म्हणून मध्येच सोडू नका. औषध लावायचेच तर औषधाच्या दुकानातले पर्मेथ्रिनचे लावा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा लावा आणि घरात ज्यांना उवा आहेत त्या सर्वांना एकाच दिवशी लावा. उवा घाणेरडेपणाने होत नाहीत, डोक्याला डोके लागून होतात. मुलीला रागावू नका.

डोक्यावर चाई पडली तरी किडा केस खातो असे समजून बिब्बा चोळू नका. कातडी भाजून जन्माची खूण राहते. चाई हा शरीराच्या आतला बिघाड आहे, त्यावर डॉक्टरांकडे औषध आहे.

केसांचे खत ताटात

बायकांचे केस विरळ होण्यामागे एक कारण वारंवार सापडते, ते म्हणजे अंगात लोह कमी असणे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अशा बाईला दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय दुखतात. ती हे सारे अंगावर काढते, कारण घरात सर्वांचे झाल्यावर उरले ते खायचे, ही आपली रीत. केस गळू लागले तेव्हा कुठे तिचे लक्ष जाते. तेव्हा केस गळणे ही कधी कधी अंगाने मारलेली हाक असते. पुडी घेऊन ती हाक गप्प करू नका.

सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, गरोदरपणी ११ च्या खाली असेल, तर लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्या तेथे मोफत मिळतात. रक्त ठीक असूनही केस गळत असतील तर थायरॉईडची तपासणी करावी.

जेवणात मेथी, राजगिरा, तीळ, शेंगदाणे, हरभरा, जमेल त्याने अंडी घ्यावीत. त्यासोबत लिंबू किंवा आवळा असू द्या, लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा नको, तो लोहाची वाट अडवतो. आणि भाकरी सोडू नका. आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' ही ज्वारी दिली. साध्या ज्वारीत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह असते, हिच्यात ४५ च्या आसपास. जस्तही २० ऐवजी ३२. घरच्या खाण्यापुरते चार तास हिचे पेरले तर काय बिघडेल?

तेव्हा पुढच्या बाजाराला पूर्णेला जाल, तेव्हा पुडी घ्यायचीच असेल तर जरूर घ्या. पण त्याच पिशवीत मेथीची जुडी, चार लिंबे आणि बारीक दातांची एक फणी टाका. दवाखान्यात बोटभर रक्त देऊन या. आणि रात्री पहिली भाकरी कुणाच्याही ताटात वाढा, शेवटचे ताट मात्र तुमचे रिकामे राहू देऊ नका. मूळ तिथे आहे.