जुन्या मॅसीचा जीर्णोद्धार

पंचगंगा आणि वारणा यांच्या खोऱ्यांत, जेथे उसाने गावांची शेती आणि संसार दोन्ही पालटून टाकले, तेथे गोठ्याच्या पिछाडीस अगर जुन्या खळ्याच्या कडेला, तांबडा रंग उडालेला, पुढच्या चाकांतील हवा गेलेला आणि बोनेटखाली चिमण्यांनी घरटी केलेली अशी एखादी मॅसी फर्ग्युसन १०३५ पुष्कळदा दृष्टीस पडते. भंगाराचा व्यापारी येऊन तिची किंमत किलोच्या दराने सांगून जातो. परंतु ज्या घराने तिच्या खरेदीसाठी जमीन तारण ठेवली, सातबारावर बँकेचा बोजा चढवून घेतला आणि तो हप्त्याहप्त्याने उतरविला, त्या घराला तो दर सहसा मंजूर होत नाही. मग केव्हातरी उसाची तोड संपून हाताला सवड मिळते, घरातला एखादा तरुण पाने आणि जॅक घेऊन तिच्याशेजारी बसतो आणि जीर्णोद्धाराला प्रारंभ होतो. असे काम मी अनेक अंगणांत जवळून पाहिले आहे. त्यात इंजिनाला जो मान मिळतो तो रास्तच असला, तरी या यंत्राचे खरे मर्म इंजिनात नसून त्याच्या पाठीमागे, नांगराच्या जोडणीत आहे. आणि ते मर्म परत मिळाल्यावाचून जीर्णोद्धार पुरा झाला असे मानावयास माझे मन तयार होत नाही.

या जोडणीचा जनक हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडमधील डाऊन परगण्यातील एका शेतकऱ्याचा मुलगा. १९०९ च्या डिसेंबरअखेर स्वतः बांधलेल्या विमानातून उड्डाण करून त्याने आयर्लंडमध्ये प्रथम विमान उडविण्याचा मान मिळविला; पुढे पहिल्या महायुद्धात, अन्नटंचाईच्या काळी, सरकारने ट्रॅक्टरांच्या नांगरटीवर देखरेख करण्याचे काम त्याच्याकडे सोपविले, तेव्हा त्या काळच्या यंत्रांचा मोठा दोष त्याच्या ध्यानात आला. नांगर त्या वेळी ट्रॅक्टरमागे गाड्यासारखा साखळीने ओढला जात असे, आणि फाळ जमिनीतील धोंड्याला अडला की मागची चाके फिरतच राहून ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाई व तो उलटून चालकाच्या अंगावर येई. फर्ग्युसनने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरशी असा जोडला की खालच्या दोन दांड्या त्याला ओढतात, वरची दांडी ट्रॅक्टरला पुढे रेटते, आणि त्या रेट्यामुळे पुढची चाके जमिनीवरच राहतात. १९३६ मध्ये डेव्हिड ब्राउनच्या कारखान्यातून या पद्धतीचा ट्रॅक्टर निघाला; १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी केवळ हस्तांदोलनावर करार झाला आणि पुढे तो मोडून कोर्टकचेरीपर्यंत गेला; १९४६ पासून कव्हेंट्रीच्या कारखान्यात करड्या रंगाचे टीई-२० हे ट्रॅक्टर तयार होऊ लागले आणि दहा वर्षांत त्यांची संख्या पाच लाखांवर गेली. १९५३ साली फर्ग्युसनचा व्यवसाय मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन झाला, १९५६ साली ३५ हा नमुना आला, आणि त्याच वंशातील १०३५ ही १९६० साली मद्रासेत स्थापन झालेल्या टॅफे कंपनीच्या हातून आपल्या शेतात उतरली.

या ट्रॅक्टरला निराळी चौकट, म्हणजे मोटारीला असते तशी चासी, नाही. इंजिन, गिअरपेटी आणि मागच्या अक्षाचे घर ही बिडाची तीन मोठी ओतकामे बोल्टांनी एकमेकांस जोडली की तीच त्याच्या पाठीचा कणा होतात. म्हणून क्लचची तबकडी बदलावयाची झाली तरी ट्रॅक्टरचे मधून दोन भाग अलग करावे लागतात. ऐकणाऱ्याला हे भयंकर वाटते, पण दोन जॅक, सागवानी ओंडके आणि धीर एवढ्या सामग्रीवर हे काम अंगणात निभावून जाते. ते निभावणारा हात या प्रदेशात अवचित उपजला नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावी लोखंडी नांगर बनविला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शंका घेणारे शेतकरी होते. त्यांच्याच नातवंडांनी पुढे विहिरीवरची ऑइल इंजिने खोलून बसविली, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातील ओतशाळांनी व लेथवाल्यांनी त्यांना लागेल तो सुटा भाग घडवून दिला. ट्रॅक्टर गावात आला तेव्हा डिझेल इंजिनाचे ज्ञान विहिरीच्या काठी अगोदरच येऊन बसले होते.

वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचे इंजिन बहुधा जाम झालेले असते, आणि त्याचे कारण साधे असते. उभ्या सायलेन्सरच्या उघड्या तोंडातून पावसाचे पाणी खाली उतरते आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हाल्व त्या घटकेला उघडा राहिला असेल त्यात साचून पिस्टनच्या रिंगांना गंज चढविते. जाणता शेतकरी सायलेन्सरवर पत्र्याचा डबा पालथा घालतो तो याचसाठी. अशा इंजिनाला बळजबरी करू नये. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल यांचे मिश्रण ओतावे, ते मुरू द्यावे, आणि मग ट्रॅक्टर वरच्या गिअरात घालून मागचे चाक हातांनी पुढेमागे डोलवावे. गंज सुटावयाचा असेल तर तो एक केसभर हालचालीने आपली खबर देतो, आणि त्या क्षणी अंगणातल्या सर्वांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

इंजिन मोकळे झाले की ते तत्काळ चालू करून पाहण्याचा मोह अनावर होतो. तो आवरावा. डिझेल पंपातील सूक्ष्म झडप गंजून उघडीच अडकली असेल, तर इंधनावर गव्हर्नरची हुकमत राहत नाही आणि इंजिन बेफाम वेग घेऊन स्वतःचा चुराडा करते. "मालक, आधी फळकूट हाताशी ठेवा, मग स्टार्टर मारा," असे एका वयोवृद्ध मिस्त्रींनी माझ्यासमोर बजाविले होते. एअर क्लीनरच्या तोंडावर ते फळकूट घट्ट दाबून हवा तोडली म्हणजे बेफाम इंजिनही गुदमरून थांबते. नंतर पंप पारखलेल्या कारागिराकडे सुपूर्द करावा, कारण त्यातील भागांची मापे अंगणातल्या धुळीत सांभाळण्याजोगी नाहीत.

पर्किन्स घराण्याचे हे इंजिन तीन सिलिंडरांचे. ३.६ इंच व्यासाचा बोर आणि ५ इंचांचा स्ट्रोक मिळून सुमारे १५२ घनइंच होतात, आणि मूळच्या ३.१५२ या नावात तीच गणना आहे. हेड उतरविल्यावर बोर गेज घालून पाहिले की लायनर वरच्या बाजूस अधिक झिजल्याचे व त्याची गोलाई गेल्याचे दिसते. क्रँक घासून दहा, वीस अगर तीस हजारांश इंचाने कमी करावा आणि त्याच मापाची बेअरिंगे घालावी, ही व्यवस्था रचनाकारांनीच करून ठेवलेली आहे. झिजलेला भाग बदलता यावा आणि मुख्य ओतकाम पिढ्यान्‌पिढ्या टिकावे, हा जो उदार विचार त्या रचनेत आहे, त्याच्याविषयी मला मनःपूर्वक आदर वाटतो. जुन्या बोल्टांचे आटे इंची असतात. त्यांत मेट्रिक बोल्ट हातोडीच्या जोरावर बसविणाऱ्याने बिडाचे जे नुकसान केलेले असते, ते निस्तरण्यात मात्र पुढच्या माणसाचे दिवस जातात.

आता पाठीमागच्या मर्माविषयी. आसनाखालच्या घरात, ऑइलमध्ये बुडालेला चार पिस्टनांचा पंप पी.टी.ओ.च्या, म्हणजे अवजारांना इंजिनाची शक्ती पुरविणाऱ्या, दांड्यावर चालतो आणि त्याच्या दाबाने खालच्या दांड्या उचलल्या जातात. उचल तपासण्याची रीत सोपी आहे: नांगर वर घेऊन इंजिन बंद करावे, तो जागच्या जागी राहिला तर ठीक, हळूहळू खाली बसू लागला तर उचलीच्या सिलिंडरमधून किंवा झडपेतून गळती आहे हे निश्चित. पण उचल ही निम्मीच गोष्ट. वरची दांडी जेथे जोडली जाते तेथे एक जाड स्प्रिंग आहे. कठीण जमिनीत नांगराचा रेटा वाढला की ती दबते, तिच्या हालचालीने झडप सरकते आणि नांगर किंचित वर येतो. जमीन मऊ लागली की तो पुन्हा आपल्या खोलीवर जातो. जमिनीचा कठीणपणा यंत्राला या स्प्रिंगमधून कळतो. पुष्कळ गावांत ट्रॉली ओढण्यातच आयुष्य गेलेल्या मॅसीची ही स्प्रिंग गंजून बसलेली किंवा "हलते म्हणून" वॉशर कोंबून अचल केलेली मला आढळली आहे, आणि दरवेळी वाईट वाटले आहे. कारण ज्या एका कल्पनेसाठी फर्ग्युसनने आयुष्य वेचले, तीच तेथे बंद पाडलेली असते. ती खोलून, साफ करून, पुढेमागे खेळ राहणार नाही पण हाताने फिरविता येईल इतपतच घट्ट बसवावी. यासाठी खर्च जवळजवळ येत नाही.

रंग सर्वांत शेवटी. विक्रीसाठी गंजावरच तांबडा लेप चढविण्याची जी चाल बाजारात पडली आहे ती ग्राहकाची फसवणूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कागदपत्रांकडे मात्र आरंभीच पाहावे: नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची, पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि बँकेचा बोजा कर्ज फिटूनही दफ्तरी उतरलेला नसेल, तर त्याचा दाखला मिळवावयास लायनर मिळविण्याहून अधिक काळ लागू शकतो.

सर्व जुळवाजुळव झाली, फिल्टर आणि नोझलच्या नळ्यांतून एअर काढली, इंजिन लागले, म्हणजे लोक ट्रॅक्टर रस्त्यावर काढून वेग पाहतात. त्याऐवजी तो शेतात न्यावा. अर्धी काळी आणि अर्धी मुरमाड अशी पट्टी निवडावी, खोलीचा तरफदांडा बाजूला ठेवून रेट्याचा दांडा बेताने खाली घ्यावा, आणि एक तास सरळ चालावे. मुरमात शिरताना इंजिनाचा आवाज न दबता फाळ बोटभर वर येतो की नाही, आणि काळीत पोचताच पूर्ववत खाली जातो की नाही, हे मागे वळून पाहावे. येत नसेल तर स्प्रिंगकडे आणि झडपेकडे पुन्हा जावे. पन्नासेक तास असे हलके काम झाल्यावर ऑइल बदलावे, हेडचे नट पुन्हा आवळावे, टॅपेट लावावे, आणि मग उसाची ट्रॉली जोडावी.