उद्यमशीलता : स्वभाव की संस्कार?

एखाद्या व्यक्तीच्या ठिकाणी नवा उद्योग उभारण्याची वृत्ती कशामुळे निर्माण होते, हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राचा मानला जातो. परंतु या प्रश्नाची जी उत्तरे समाजात रूढ आहेत ती बहुधा भाषेतच साठविलेली असतात. ‘धंदा हा रक्तातच असावा लागतो’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजतेने उच्चारले जाते, की त्यात एक सिद्धान्त दडलेला आहे हे ध्यानातही येत नाही. तो सिद्धान्त खरा असेल तर ज्याच्या घराण्यात व्यापार नाही अशा तरुणाने प्रयत्न करणेच व्यर्थ ठरेल. म्हणून त्याची तपासणी करणे अवश्य आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘उद्यम’ हा शब्द ‘उद्’ आणि ‘यम्’ यांपासून सिद्ध झाला असून त्यात उचलण्याचा, सरसावण्याचा अर्थ आहे. ‘उद्योजक’ या शब्दात ‘युज्’ हा जोडण्याचा अर्थ असलेला धातू असून त्याचे रूप प्रयोजक आहे. म्हणजे स्वतः राबणाऱ्यापेक्षा इतरांना कामाला लावणारा, साधने एकत्र जोडणारा असा त्याचा आशय होतो. शुम्पेटर या अर्थशास्त्रज्ञाने १९११ साली उद्योजकाचे कार्य म्हणजे साधनांची नवी जुळणी करणे होय असे प्रतिपादन केले, त्याच्याशी हा व्युत्पत्त्यर्थ सहज जुळतो. परंतु व्यवहारातील मराठी निराळेच सांगते. ‘नसता उद्योग’, ‘रिकामे उद्योग’, ‘हे काय धंदे चालविले आहेत?’ या प्रयोगांत हे दोन्ही शब्द निंदाव्यंजक झाले आहेत. ‘साहस’ या शब्दाचा प्रवास मात्र उलट दिशेने झालेला दिसतो. स्मृतिग्रंथांत बलात्काराने केलेल्या अपराधाला ‘साहस’ ही संज्ञा आहे. आजच्या मराठीत तोच शब्द बहुधा प्रशंसेने योजला जातो.

यावरून भाषाच माणसाची वृत्ती घडविते असा निष्कर्ष काढणे मात्र उचित होणार नाही. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या तोंडी होती, त्यांच्यापैकी अनेकांनी नोकरीलाच अग्रस्थान दिले. शब्द हे समाजाच्या मूल्यमापनाची खूण आहेत, त्याचे कारण नव्हे. कारणे शोधण्यासाठी प्रत्यक्ष चरित्राकडे वळले पाहिजे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांचा ओढा चित्रकलेकडे होता आणि त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. रंगांचा भेद नीट न कळण्याच्या दृष्टिदोषामुळे तो मार्ग सोडून ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात बंधू रामूअण्णांसह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. तेथेच कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिले नांगर दीर्घकाळ विक्रीवाचून पडून राहिले. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची माळजमीन व भांडवलासाठी कर्ज दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

या वृत्तान्तातील घटक पृथक् करून पाहिले तर चार गोष्टी दिसतात. पहिली, हाताला अवगत असलेली विद्या. आरेखन येत नसते तर नांगराची सुधारणा संभवली नसती. दुसरी, रूढ वाट बंद होणे. बढती नाकारली गेलेले पुष्कळ असतात आणि ते सर्वच उद्योजक होत नाहीत, म्हणून एवढे एकच कारण पुरेसे नाही. तिसरी, अपयशाच्या काळात सावरून धरणारे कुटुंब. चौथी, ज्याच्याजवळ पत नाही त्यावर विश्वास टाकणारी सत्ता. ओगले बंधूंचा काचकारखानाही याच लहानशा औंध संस्थानात उभा राहिला, ही गोष्ट चौथ्या घटकाचे महत्त्व स्पष्ट करते. रक्ताचा संबंध कोठे येतो, हे मात्र या वृत्तान्तात दाखविता येत नाही.

वृत्ती ही शिकविता येते काय, याचा प्रयोगही झालेला आहे. मॅक्लेलंड या मानसशास्त्रज्ञाने १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निरनिराळ्या देशांच्या बालवाचनपुस्तकांतील गोष्टी तपासून त्यांत कर्तृत्वाची ओढ किती व्यक्त होते, हे मोजण्याचा यत्न केला. त्या मोजमापावर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि ती अनाठायी नव्हती. तथापि नंतर १९६४ च्या सुमारास आंध्रातील काकिनाडा येथील व्यावसायिकांना हैदराबादेत अल्पमुदतीचे प्रशिक्षण देण्यात आले, तेव्हा प्रशिक्षित व्यक्तींनी इतरांच्या मानाने अधिक नवे उपक्रम हाती घेतल्याचे आढळले. त्यासाठी त्यांना आपल्या परंपरागत श्रद्धा सोडाव्या लागल्या नाहीत, हेही लक्षणीय आहे.

सारांश, उद्यमशीलता ही जन्मजात देणगी आहे असे मानण्यास पुरेसा आधार नाही. विद्या, आप्तांचा आधार, पत आणि अपयश सोसू देणारा समाज यांच्या संयोगातून ती वाढते. यांपैकी प्रत्येक गोष्ट मनुष्याच्या प्रयत्नाने निर्माण करता येण्यासारखी आहे. भाषेच्या अभ्यासकाचे काम यात अल्प असले तरी निरुपयोगी नाही. बुडालेल्या धंद्याविषयी आपण घरात कोणते शब्द वापरतो आणि शाळेच्या पुस्तकांतील गोष्टींत प्रयत्न करून फसलेल्या माणसाचे पुढे काय होते, याची पद्धतशीर नोंद मराठीपुरती करता येईल. विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे, असे सुचवावेसे वाटते.